बोटाएवढा बोर्ड आणि गच्चीवरची टाकी

डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्टची तोंडी परीक्षा. सनबोर्डवर हिरवा क्रेप कागद चिकटवून केलेलं शेत, त्यात प्लास्टिकची चार झाडं, एक छोटा पंप आणि मधोमध निळा, बोटाएवढा बोर्ड. एक्स्टर्नल सरांनी पेनाचं टोक त्या बोर्डावर ठेवलं. ‘‘हे काय?’’

‘‘सर, आर्डुइनो नॅनो,’’ आम्ही चौघं एका सुरात.

‘‘छान. आणि त्याच्यावर ही चंदेरी डबी आहे ती कशाला?’’

सुर संपला. मी ग्रुप लीडर, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी पंपाकडे. सरांनी दुसरा प्रश्नच विचारला नाही, सही केली आणि म्हणाले, ‘‘नेक्स्ट ग्रुप.’’

खरी गोष्ट अशी की तो प्रोजेक्ट आम्ही केलाच नव्हता. एका दुकानातून तयार आणला होता. चौघांनी मिळून चार हजार भरले, त्यात मॉडेल, कोड आणि ब्लॅक बुकची फाइल असं पूर्ण पॅकेज मिळालं. आम्ही फक्त नावं बदलली. मार्कही मिळाले. चांगले मिळाले, आणि या सगळ्यातला सगळ्यात वाईट भाग हाच. आता दर फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्युनिअर्सचे मेसेज येतात, ‘‘ताई, तुम्ही प्रोजेक्ट कुठून घेतला होता?’’ तेव्हा त्या चंदेरी डबीची आठवण होते.

ती डबी म्हणजे क्रिस्टल. नॅनोवरचा क्रिस्टल सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके देतो आणि शेजारच्या काळ्या चौकोनी चिपची सगळी कामं त्या ठोक्यावर चालतात. ढोलपथकात टोलाचा आवाज नसेल तर काय होईल, तसंच. हे मला परीक्षेनंतर दीड वर्षांनी कळलं, तेही घरच्या पाण्याच्या टाकीमुळे.

मोटर बंद कर गं!

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी सकाळी नळाला पाणी येतं, ते खालच्या हौदात पडतं आणि तिथून मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. टाकी भरली का हे कळायचा मार्ग एकच : पाणी ओसंडून शेजारच्या काकूंच्या अंगणात पडायला लागलं की काकूंची हाक येते. बाबांची शिफ्ट असली की आई तीन जिने चढून बघायला जायची. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. एकदा ती ओल्या पायरीवर घसरली. फार लागलं नाही, पण त्या दिवशी मी तो सनबोर्डचा प्रोजेक्ट माळ्यावरून खाली काढला, शेत फाडलं आणि नॅनो उपटून घेतला.

तोवर मी त्या बोर्डाकडे नीट बघितलंही नव्हतं. लांबी ४५ मिलिमीटर, रुंदी १८. म्हणजे टीव्हीच्या रिमोटमधला ट्रिपल-ए सेल असतो साधारण तेवढी लांबी. कॉलेजच्या लॅबमध्ये असतो तो आर्डुइनो युनो याच्या चौपटीहून मोठा, पण डोकं दोघांचं एकच : एटीमेगा ३२८ पी नावाची चिप. युनोवर मोठं यूएसबी सॉकेट आणि ॲडॉप्टरचा जॅक असतो, नॅनोवर ते काढून टाकलंय, बाकी फरक थोडाच. प्रोग्राम ठेवायला ३२ किलोबाइट आणि चालू कामाची मेमरी फक्त २ किलोबाइट. ‘शुभ सकाळ’चा एक फॉरवर्ड फोटोसुद्धा यात मावणार नाही. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह कॉम्प्युटरमध्ये तीन बाइट खातं, काना-मात्रे वेगळे मोजायचे. म्हणजे या नॅनोच्या मेमरीत हा एक परिच्छेदसुद्धा जेमतेम बसेल किंवा बसणारही नाही. आणि तरी टाकी भरली की नाही हे सांगायला एवढी जागा भरपूर आहे. मला ही गोष्ट अजूनही गंमतीची वाटते.

लॅपटॉपला दिसतच नाही

पहिली संध्याकाळ नुसती बोर्ड जोडण्यात गेली. लॅपटॉपला लावला, लाल दिवा लागला, पण सॉफ्टवेअरमध्ये पोर्टच दिसेना. बोर्ड जळाला असं समजून मी दोन तास रडकुंडीला आले होते. केबल मोबाइल चार्जिंगची होती. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. काही स्वस्त चार्जिंग केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. दिवा लागतो, बोलणं होत नाही. केबल बदलली तर आता ड्रायव्हर नाही. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त नॅनोवर यूएसबीचं काम सीएच ३४० नावाची चिनी चिप करते, तिचा ड्रायव्हर काही लॅपटॉपवर वेगळा टाकावा लागतो. तोही टाकला. पोर्ट दिसलं. अपलोड दाबलं आणि लाल अक्षरांत एरर : ‘प्रोग्रामर इज नॉट रिस्पॉन्डिंग’. दहादा तेच.

यात बिघाड काहीच नव्हता. चिपमध्ये आधीपासून एक छोटा प्रोग्राम बसवलेला असतो, त्याला बूटलोडर म्हणतात. तो सोसायटीच्या वॉचमनसारखा. बोर्ड चालू झाला की क्षणभर दारात उभा राहतो, नवा कोड आला तर आत घेतो, नाहीतर जुनाच चालू करतो. २०१८ च्या सुरुवातीपासून आर्डुइनोच्या स्वतःच्या नॅनोवर नवा वॉचमन आला, तो जास्त वेगाने बोलतो. क्लोन बोर्डांवर बऱ्याचदा अजून जुनाच असतो. सॉफ्टवेअर नव्या वेगाने बोलतं, जुन्याला कळत नाही. टूल्सच्या मेनूमध्ये प्रोसेसर या नावाखाली ‘ओल्ड बूटलोडर’ निवडायचं, बस. एका क्लिकचं काम. रात्री पावणेबाराला बोर्डावरचा छोटा दिवा माझ्या कोडने एक सेकंद लागला, एक सेकंद विझला. आईला उठवून दाखवला. ‘‘एवढंच?’’ म्हणाली आणि झोपली.

एका गावातल्या बारचं नाव

क्लोन हा शब्द आला तर थोडं थांबायला हवं. इटलीतल्या इव्रिया गावात, जिथे ऑलिव्हेटीचे टाइपरायटर बनायचे, तिथे डिझाइन शिकवणारी एक संस्था होती. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या डिझाइनच्या मुलांना परवडेल आणि कळेल असा बोर्ड हवा होता. २००५ मध्ये मास्सिमो बान्झी आणि त्याच्या साथीदारांनी तो केला आणि ते सगळे ज्या बारमध्ये बसायचे त्याचंच नाव त्याला दिलं. बारचं नाव होतं इव्रियाच्या एका जुन्या राजावरून. आपल्याकडे कटिंगच्या टपरीवरून नाव ठेवण्यासारखंच.

ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. कमी सांगितली जाते ती एर्नान्दो बारागान या कोलंबियन विद्यार्थ्याची. त्याच संस्थेत त्याने आपल्या मास्टर्सच्या प्रबंधासाठी ‘वायरिंग’ नावाचा बोर्ड आणि त्याची सोपी भाषा तयार केली होती, आणि त्याच्या गाइड्सपैकी एक होता बान्झी. पहिल्या तासाला आपण सगळे ‘पिनमोड’ आणि ‘डिजिटलराइट’ लिहितो, ते शब्द वायरिंगमधले. आर्डुइनो त्याच पायावर उभा राहिला, पण ज्या पाच जणांची नावं संस्थापक म्हणून घेतली जातात त्यांत बारागान नाही. पुढे त्याने हा सगळा इतिहास स्वतः लिहून ठेवला. मी तो वाचला तेव्हा आमच्या ब्लॅक बुकच्या पहिल्या पानावरची चार नावं आठवली. ज्याने तो प्रोजेक्ट खरंच जोडला होता, त्या दुकानातल्या पोऱ्याचं नाव तर मला माहीतही नाही.

मग दोन-तीनशे रुपयांत मिळणारा क्लोन ही चोरी का? नाही. आर्डुइनोने बोर्डाचे नकाशे मुद्दाम खुले ठेवले. कुणीही तसा बोर्ड बनवावा, विकावा, बदलावा. अट एवढीच की श्रेय द्यायचं आणि आपला बदललेला नकाशाही खुला ठेवायचा. राखून ठेवलंय ते नाव आणि लोगो. त्यामुळे ‘नॅनो कम्पॅटिबल’ म्हणून विकला तर चोख, आणि आर्डुइनोचा छाप मारून विकला तर नकली. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर दुकानदार स्वतःच विचारतात, ‘‘ताई, ओरिजिनल की क्लोन?’’ ओरिजिनल कित्येक पट महाग. मी क्लोनच घेते, विद्यार्थ्याच्या खिशाला दुसरं झेपत नाही. पण फुकट मिळणारं सॉफ्टवेअर कुणीतरी पगार घेऊन लिहितंय आणि तो पगार ओरिजिनलच्या विक्रीतूनही येतो, हे डोक्यात ठेवून घेते. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वालकॉमने आर्डुइनो विकत घेत असल्याचं जाहीर केलं. खुलेपणाचं पुढे काय होतं, ते बघायचं.

तांब्याची चव

टाकीकडे वळू. पहिली युक्ती यूट्यूबवर दिसली तीच केली. टाकीत वेगवेगळ्या उंचीवर तांब्याच्या तारा सोडायच्या, तळाच्या तारेत ५ व्होल्ट, पाणी वर चढून ज्या तारेला शिवेल तिथून करंट येणार. पहिल्याच दिवशी चाललं. घरात माझा भाव वधारला. तीन आठवड्यांनी बाबा टाकी बघायला गेले आणि तळाची तार हातात घेऊन खाली आले. निम्मी झिजलेली, वर हिरवट थर. ‘‘हे पाणी आपण पितो ना गं?’’ आई म्हणाली.

शाळेत इलेक्ट्रोलिसिस शिकले होते, परीक्षेत पाच मार्कांना लिहिलंही होतं. पाण्यात सतत डीसी करंट सोडला की धन बाजूचा तांबा विरघळून पाण्यात जाणार, यात नवल काही नाही. फक्त ते माझ्या टाकीत होईल असं सुचलं नव्हतं. एक उपाय असतो : तारेला वीज सतत द्यायची नाही, मोजायच्या क्षणापुरतीच द्यायची. त्याने झीज खूप कमी होते, पण थांबत नाही. पिण्याच्या पाण्यात मला तो प्रयोग पुन्हा करायचा नव्हता. टाकी दोनदा धुतली, मीच.

मग अल्ट्रासॉनिक सेन्सर. वटवाघळासारखा आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं. टाकीच्या झाकणाखाली लावला, आतल्या वाफेने आठ दिवसांत त्याचे डोळे बसले. वॉटरप्रूफ आणला, तर त्याला साधारण वीस-पंचवीस सेंटीमीटरपेक्षा जवळचं दिसतच नाही. आमची टाकी भरते तेव्हा पाणी झाकणापासून बारा सेंटीमीटरवर असतं. म्हणजे जे बघायचं, नेमकं तेच दिसणार नाही. ही ओळ सेन्सरच्या माहितीपत्रकात होती. मी ती पैसे दिल्यावर वाचली.

शेवटी फ्लोट स्विच. पाण्यावर तरंगणारा प्लास्टिकचा मणी, त्यात लोहचुंबक, आतल्या दांडीत बंद काचेच्या नळीतला स्विच. पाण्याला धातू शिवत नाही, वीज शिवत नाही. आणि आता खरं सांगायला हवं : फ्लोट स्विच, सेल आणि बझर एवढंच जोडलं असतं तरी काम झालं असतं, नॅनोची गरज नव्हती. माझ्या एका सिनिअरने हे हसत हसत सांगितलंही.

मी तसं करून बघितलं. पाणी वर आलं की लाटांनी मणी हलतो आणि बझर अर्धा तास अडखळत किंचाळतो. शिवाय गच्चीपासून स्वयंपाकघरापर्यंत पंधरा मीटर वायर होती. नॅनो परत लावला तर वेगळंच भूत निघालं, टाकी रिकामी असतानाही मोटर सुरू केली की बझर वाजायचा. लांब वायर अँटेनासारखी वागते, मोटरचा झटका पकडते. नॅनोच्या पिनला आतून जो ओढून धरणारा रेझिस्टर असतो तो २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे हात सैल. बाहेरून एक किलोओहमचा लावला, पकड घट्ट झाली. शिवाय कोडमध्ये लिहिलं, स्विच सलग तीन सेकंद लागलेला राहिला तरच टाकी भरली समज. भूत गेलं. तो रेझिस्टर एका रुपयाचा होता आणि त्याने माझे चार रविवार खाल्ले.

बझरनेही एक दिवस घेतला. मी तो ए-७ या पिनवर लावला होता आणि काही केल्या वाजेना. नॅनोवर युनोपेक्षा दोन पिन जास्त असतात, ए-६ आणि ए-७, पण त्या फक्त ऐकतात, बोलत नाहीत. त्यांतून व्होल्टेज मोजता येतं, काही चालू-बंद करता येत नाही. पिन बदलली, वाजला.

मोटर आपोआप बंद करणारा रिले मी लावलेला नाही. तिथे २३० व्होल्ट आहेत, जागा ओली आहे आणि ब्रेडबोर्डवरची तार निसटायला एक धक्का पुरतो. ते काम वायरमनकाकांचं. आपण फक्त बोंब मारायची.

मग कुठला घेऊ?

हा प्रश्न हमखास येतो, कारण आता नॅनोहून लहान आणि कितीतरी ताकदवान बोर्ड मिळतात. मोबाइलवर मेसेज हवा असेल तर वाय-फायवाला लागेल : ईएसपी ८२६६ किंवा त्याचा थोरला भाऊ ईएसपी ३२, दोन्ही शांघायच्या एस्प्रेसिफचे. ईएसपी ३२ सी-३ चिपचा ‘सुपर मिनी’ बोर्ड तर अंगठ्याच्या पेरात मावतो. सीड कंपनीचा झाओ साधारण २१ बाय १७.५ मिलिमीटर. पायथॉन येत असेल तर रास्पबेरी पाय पिको. २०२१ च्या जानेवारीत ४ डॉलरला आला, बटण दाबून लॅपटॉपला जोडला की पेनड्राइव्हसारखा उघडतो, फाइल टाकायची की झालं. आपलाही एक आहे. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात असलं तरी त्यांच्या तिरुअनंतपुरम केंद्राने ‘वेगा’ नावाचे प्रोसेसर घडवले, आणि त्यावरचे ‘एरीज’ बोर्ड आर्डुइनोच्याच सॉफ्टवेअरमधून चालवता येतात. मदतीला माणसं कमी सापडतात, पण प्रोजेक्टला नाव काढायचं असेल तर जरूर बघा.

तरीही पहिला बोर्ड म्हणून मी नॅनोच सांगेन. वरचे बहुतेक सगळे ३.३ व्होल्टचे. बाजारातला साधा अल्ट्रासॉनिक सेन्सर ५ व्होल्टचा सिग्नल परत पाठवतो. तो थेट ईएसपीला दिला की कधी चालतो, कधी त्या पिनचा निकाल लागतो. मध्ये दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवावं लागतं. नॅनो ५ व्होल्टचाच. चुका सोसतो. शिकणाऱ्याला वेगापेक्षा हेच जास्त लागतं.

सेलवर चालवायचा असेल तर मात्र नॅनो उधळ्या. काही न करता, नुसता बसून तो साधारण वीस मिलिॲम्पिअर खातो. दोन हजार मिलिॲम्पिअर-अवरचे सेल लावले तर शंभर तास, चार दिवसांत खेळ खलास. दोष चिपचा नाही. गाढ झोपवली तर ती एका मायक्रोॲम्पिअरपेक्षाही कमीवर राहते. खातात ते बोर्डावरचा कायम जळणारा दिवा, यूएसबीची चिप आणि रेग्युलेटर. म्हणून लोक यूएसबी नसलेला प्रो मिनी घेतात आणि वर त्याचा दिवाही उपटतात. आमचा नॅनो स्वयंपाकघरात जुन्या मोबाइल चार्जरवर आहे, त्यामुळे चालतंय.

विकत घेताना एवढं बघा की हेडर पिन्स जोडलेल्या आहेत की सुट्या. सुट्या असतील तर सोल्डरिंग आलं. पिन्स ब्रेडबोर्डात खोचून वर बोर्ड ठेवायचा, म्हणजे सरळ बसतात. आणि सोल्डर तारेवर नाही, आधी पिन आणि पॅड तापवून मग लावायचं. माझे पहिले तीस जोड असे होते की बोट लावलं की बोर्ड बंद, काढलं की चालू. मल्टिमीटर नसेल तर मित्रमैत्रिणींत एक घ्या, पण घ्या.

परवा शेजारच्या काकू गेटाशी थांबल्या. आता त्यांच्या अंगणात पाणी पडत नाही, त्यामुळे हाक मारायचं कारण राहिलं नव्हतं. म्हणाल्या, ‘‘आमच्याकडे पण ते वाजणारं बसवून दे ना गं.’’ त्यांची टाकी आमच्यापेक्षा एक मजला वर आहे. वायर वीस मीटरच्या पुढे जाईल, एक किलोओहम पुरेल का शंका आहे. रविवारी त्यांच्या गच्चीवर टेप घेऊन जायचंय.